चौथी जागा

१

दीड वाजला की मावशी पुढच्या दाराला कडी घालायची आणि पाळणाघरातला दंगा संपायचा. आपोआप संपायचा नाही, ती संपवायची. नऊ पोरं आणि एक बाई असा रोजचा सामना, आणि इतक्या वर्षांत ती एकदाही हरली नव्हती. ओरडायची मात्र नाही. तिचा साधा आवाजच असा होता की रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा आपलं काही चुकलं की काय म्हणून थबकायचा.

खोली तळमजल्यावरची, लांबट. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी, मधे एका ओळीत नऊ छोट्या गाद्या. भिंतीला लोखंडी कपाट, कपाटावर स्पीकरचा काळा डबा आणि डब्याच्या बगलेत खुपसलेला बोटभर पेनड्राइव्ह. त्या पेनड्राइव्हवर पोरांच्या आया होत्या. म्हणजे त्यांचे आवाज. ही अक्कल मावशीच्या लेकीची. प्रत्येक आईनं तीन-चार मिनिटं आपल्या पोराला झोपवताना जे काही म्हणते ते म्हणायचं, लेकीनं ते भरून घ्यायचं. कुणी अंगाई म्हटली, कुणी गोष्ट सांगितली. एकीनं तर नुसती भाज्यांची नावं घेतली होती, आणि तिचं पोर सगळ्यांत आधी घोरायला लागायचं.

पहिल्या आठवड्यात मात्र फजिती झाली. लेकीनं नावं लिहून दिली त्या क्रमानं मावशीनं गाद्या घातल्या, आणि डब्यानं भलताच क्रम धरला. दाराजवळच्या पोराची आई वाजायची सातवी, तोवर ते पोर उठून बसायचं आणि शेजारच्या दोघांना घेऊन बसायचं. मावशीनं डबा उचलला आणि समोरच्या रेडिओवाल्याच्या दुकानात नेऊन आपटला. रेडिओवाला म्हणजे रेडिओ, पंखे, इस्त्र्या, काय वाट्टेल ते दुरुस्त करणारा, तिच्याच वयाचा, कायम एक डोळा मिटून बोलणारा माणूस.

"डब्याला अक्षरओळख नाही, मावशी," तो म्हणाला. "तुम्ही एक नंबर टाका नाहीतर शंभर. आत जो ज्या जागेवर बसलाय त्या क्रमानं हा वाजवणार."

"म्हणजे माझ्यासारखाच. मीही चौथीपुढं गेले नाही."

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती तिच्या डोक्यात पक्की बसली. एखादं पोर सोडून गेलं आणि त्याच्या आईचा आवाज पुसला, तर तिची जागा तशीच रिकामी राहते. पुढं जो नवा आवाज घालाल तो ओळीच्या शेवटी जात नाही, त्या रिकाम्या जागेत जाऊन बसतो. मावशीला हे फार सोयीचं वाटलं. जुनं पोर गेलं की नव्या पोराला त्याचीच गादी, आणि डब्यात त्याच्या आईला त्याचीच जागा. डबा बदलत नसेल तर गाद्या बदलू, असं म्हणून तिनं सगळ्या गाद्या डब्याच्या क्रमानं लावून टाकल्या. तेव्हापासून दुपार सुरळीत. एकामागून एक आई वाजायची आणि दारापासून खिडकीपर्यंत एकामागून एक पोर झोपत जायचं.

२

चौथ्या गादीवरच्या पोराला मावशी मुंगळा म्हणायची, कारण ते जमिनीवर ठरायचंच नाही. त्याच्या बापाची बदली झाली आणि मुंगळा गेला. संध्याकाळी मावशीनं रेडिओवाल्याकडे जाऊन त्याच्या आईचा आवाज पुसून घेतला, चौथी गादी गुंडाळून आतल्या खोलीत ठेवली आणि उरलेल्या आठ एकमेकींना चिकटवून घेतल्या.

आता तिसऱ्या गादीवरच्या लाडोबाच्या शेजारी पाचव्या गादीवरची ठकू आली. ठकू म्हणजे मावशीची नात, लेकीची लेक, चार वर्षांची. ठकूच्या बापाचं नाव त्या घरात कुणी घेत नव्हतं. लेकीला दुसऱ्या गावात नोकरी लागली होती आणि खोली मिळून बस्तान बसेपर्यंत तीन महिने ठकू आजीकडेच राहायची होती. निघताना लेक रडली नाही, आईवर गेलेली. फक्त म्हणाली, "आई, तिला जेवू घालशील, न्हाऊ घालशील, ते मला सांगायला नको. तिला माझा आवाज विसरू देऊ नकोस, एवढंच कर."

मावशीनं त्यावर तिला झापलं होतं. पोर आईचा आवाज विसरतं होय कुठं? पण ते वाक्य तिच्या पोटात जाऊन बसलं होतं. रात्री फोन असायचा, तो कधी लागायचा, कधी नाही. दुपारची ती चार मिनिटं मात्र चुकायची नाहीत.

मुंगळा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी लाडोबाची आई वाजून संपली. लगेच लेकीचा आवाज यायला हवा होता. आला नाही. डबा गप्प.

मावशीनं घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट. दोन. डबा अडकला म्हणावं तर त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि तो वाजतानाच लुकलुकायचा. ती स्टुलावर चढून कान लावणार, एवढ्यात लेकीचा आवाज सुरू झाला. ठकूनं कूस बदलली आणि झोपली.

गप्प राहिला तो वेळ मावशीनं मनात मोजून ठेवला. पावणेचार मिनिटं. मुंगळ्याची आई तेवढाच वेळ वाजायची.

३

तिसऱ्या दिवशी त्या गप्पपणात आवाज होता.

थप. थप. थप. कुणीतरी कपड्यावर हळू हात मारावा तसा. मावशीला आधी वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी उशा झटकत असेल. संध्याकाळी ती मुद्दाम वर जाऊन आली. वरच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपावर धूळ होती. मग पाण्याच्या पंपाचा असेल. पंपाची खोली मागच्या बाजूला, आणि पंप सकाळी चालायचा. मावशी एवढ्यानं घाबरणारी नव्हती. ती स्वतःशीच म्हणाली की पुसलेलं नीट पुसलं गेलं नसेल, काही गाळ तळाशी राहिला असेल, भांड्याला राहतो तसा.

पण तो आवाज कसला, हे तिच्यासारखीला कुणी सांगायला नको होतं. आयुष्यभर तिनं दुसरं केलं काय? पोराला कुशीवर घेऊन पाठीवर थोपटण्याचा तो आवाज होता. आणि थोपटणारी बाई सरावाची होती. हात एका लयीत पडत होता, आणि पोर झोपेत गेलं की जसा आपोआप हलका होतो तसा शेवटी हलका होत गेला.

त्या दुपारी मावशी सगळी पोरं झोपल्यावर ओळीत फेरी मारायला उठली आणि मधेच थांबली. लाडोबा आणि ठकू यांच्या गाद्यांमधे जागा पडली होती. बरोबर एका गादीएवढी. पोरं लोळतात, गाद्या सरकतात, फरशी गुळगुळीत आहे. तिनं वाकून ठकूची गादी लाडोबाच्या गादीला भिडवली. साडेतीनला पोरं उठली तेव्हा जागा पुन्हा तेवढीच होती, आणि त्या मोकळ्या जागेच्या बाजूला ठकूचा हात मनगटापर्यंत गादीच्या बाहेर पडलेला होता. उघड्या फरशीवर. तळवा वर करून.

४

पुढच्या आठवड्यात थोपटण्यावर गुणगुणणं चढलं. सूर ठरलेला नव्हता. कधी लाडोबाच्या आईचा तुकडा, कधी दाराजवळच्या पोराच्या आईचा. ऐकून ऐकून शिकणाऱ्या माणसासारखं. मावशी रोज स्टुलावर बसून ऐकायची, हाताची घडी घालून, समोरच्यानं आधी नजर खाली घालावी अशा बेतानं. पण डब्याला कुठं नजर असते?

मग एका दुपारी त्या जागेत लेकीचा आवाज आला.

तेच गाणं, लेकीनं स्वतः रचलेलं, ठकूच्या बोटांची नावं असलेलं. तोच थोडा बसका सूर. मावशीला हायसं वाटलं की जागा अखेर भरली, पुढचं पुढं सरकलं, डबा ताळ्यावर आला. गाणं संपलं. आणि पुन्हा सुरू झालं. तेच गाणं, तोच आवाज, दुसऱ्यांदा. फरक एवढाच की पहिल्या वेळी गाण्याखाली हळू थोपटणं होतं आणि दुसऱ्या वेळी नव्हतं. लेकीनं गाणं भरलं तेव्हा ठकू तिच्या मांडीवर नव्हतीच, शेजारच्या घरी खेळत होती. थोपटणार कुणाला?

ठकू दुसऱ्या वेळी जागी होती. कपाटाकडे बघत तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, ही बंद कर."

"अगं, आई आहे ना तुझी."

"आई आत्ता म्हणून गेली," ठकू म्हणाली. "ही कुणीतरी दुसरीच आहे."

त्या रात्री लेकीचा फोन लागला. मावशीनं फोन ठकूच्या कानाला लावला. लेक पलीकडून लाडानं हाका मारत होती, काय जेवलीस, कुणाशी भांडलीस, सगळं विचारत होती. ठकूनं फोन दोन बोटांनी धरून आजीकडे परत दिला, ओलं फडकं द्यावं तसा. पलीकडे लेक विचारत राहिली, झोप आलीय का तिला, आई, झोप आलीय का? मावशीनं हो म्हणून टाकलं. लेकीशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली.

५

दुसऱ्या दिवशी तिनं पेनड्राइव्ह काढून आपल्या निळ्या अॅप्रनच्या खिशात टाकला. डब्याविना झोपवीन, पूर्वी झोपवत नव्हते का? सात पोरं रडून रडून उशिरानं का होईना, पेंगली. ठकू रडली नाही. ती कपाटाला पाठ लावून बसली आणि वर डब्याकडे मान करून बसूनच राहिली. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. तापात ती डाव्या कुशीवर वळायची आणि पाठ पुढं सरकवायची, कुणी थोपटावी म्हणून. मावशीनं थोपटलं तर म्हणायची, तुझा हात नको.

पोरं घरी गेली आणि ठकूचा डोळा लागला, तशी मावशी खिशातला पेनड्राइव्ह मुठीत धरून रस्ता ओलांडून गेली.

रेडिओवाल्यानं तो आपल्या कॉम्प्युटरला लावला. आठ नावं होती. आठच. मग त्यानं तो आपल्या दुकानातल्या डब्यात घालून वाजवला. लाडोबाची आई संपली आणि मधे श्वास घेण्याइतकीही जागा न सोडता लेक सुरू झाली. बोटांची नावं, बसका सूर. एकदाच. मावशीनं तीन वेळा वाजवायला लावलं, तीनही वेळा तसंच.

"माझ्याकडे तर बरोबर वाजतंय," तो म्हणाला. मिटलेला डोळा त्यानं उघडला होता. "तुमचा डबा जुना झालाय. रिकाम्या जागेपाशी अडखळत असेल."

अडखळणारा डबा गाणं म्हणतो का, हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण भर उजेडात, खिळे-तारांच्या त्या दुकानात ते बोलवेना. त्यानं सुचवलं, सगळंच पुसू आणि पहिल्यापासून ओळीनं घालू. मावशीनं पेनड्राइव्ह काढूनच घेतला. लेकीचा कॉम्प्युटर लेकीबरोबर गेला होता. आठ आयांचे आवाज या बोटभर तुकड्यावरच होते आणि त्यात एक तिची लेक होती. पुसता पुसता ती एक गेली तर?

"मग रिकामी जागा भरून टाका," तो म्हणाला. "काहीही घाला. बरोबर तिथंच जाऊन बसेल."

काहीही म्हणजे काय? दुसऱ्या कुणाच्या आईला तिथं बसवायचं? जे आपल्या नातीच्या शेजारी नको, त्याच्यापुढं परक्याच्या पोराचं माणूस ढकलायचं? मावशीच्या जिवाला ते पटलं नाही. जागा आपल्या घरातली, ती अडवायची तर आपणच. तिनं अॅप्रनला हात पुसले आणि म्हणाली, "माझा आवाज घे."

तिला गाता येत नव्हतं. ती त्याच्या फोनपुढं बसली आणि रोज पोरांना सांगते ते म्हणाली. डोळे मिटा. हात आत घ्या. कुणी कुठं जायचं नाही. मी इथंच बसलेय. एवढंच पुन्हा पुन्हा, दोन मिनिटं. नाव कुणाचं घेतलं नाही. घ्यायचं नाही हे तिनं आधीच ठरवलं होतं, का ते तिला सांगता आलं नसतं.

६

जागा भरली. लाडोबाच्या आईनंतर मावशीचा आवाज आला, घोगरा, हुकमी, आणि अर्धी पोरं घाबरूनच झोपली. मग लेक वाजली, एकदाच, थोपटण्याविना. ठकूनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या रात्री फोनवर ती आईशी बोलली, आधी चाचरत, मग इतकं की मावशीला फोन ओढून घ्यावा लागला. लेक पलीकडे हसत होती आणि बहुधा रडतही होती. गाद्या जागच्या जागी राहिल्या. मावशीनं रेडिओवाल्याला निरोप धाडला, तुला काही कळत नाही असं लोक म्हणतात ते खोटं आहे.

दहा दिवस गेले.

अकराव्या दुपारी मावशी घड्या घालत बसली होती. डब्यातून तिचाच आवाज येत होता, आणि स्वतःचा आवाज कोण लक्ष देऊन ऐकतो? सहावा टॉवेल हातात असताना तिच्या ध्यानात आलं की आपण अजून बोलतोय. तिनं घड्याळ पाहिलं. तिनं भरून दिलं होतं ते दोन मिनिटांचं. पावणेचार मिनिटं होत आली होती.

मी इथंच बसलेय, डबा म्हणत होता. कुणी कुठं जायचं नाही. आणि खाली, शब्दांच्या तळाशी, थप, थप, थप.

७

तिनं त्याच क्षणी पेनड्राइव्ह उपटायला हवा होता. ती उठलीही. पण तेवढ्यात डब्यातला आवाज बदलला. आवाज तिचाच राहिला, हुकमीपणा गेला. पोरं नसताना, एकटीच असताना, तापातल्या नातीशी ती जसं बोलली होती तसं तो बोलायला लागला. त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

ठकू, डबा म्हणाला. ठकूताई. इकडं ये बघू.

सात पोरं ओळीनं डोळे मिटून पडली होती. ठकू उठून बसली. डोळे अर्धवट मिटलेले, चेहऱ्यावर ओळखीचं हसू. ती गादीवरून उतरली आणि चालायला लागली. मावशीकडे नाही. मावशी कपाटापाशी उभी होती, हात पुढं करून, आणि पोर तिच्या हातांखालून वाकून पुढं गेलं, वाटेतलं स्टूल टाळावं तसं. ती आतल्या खोलीकडे चालली होती. गुंडाळलेल्या गाद्या असायच्या ती खोली, बिनखिडकीची. तिचं दार मावशीनं सकाळी लावलं होतं. आता ते वीतभर उघडं होतं.

मावशीनं झेप घेतली आणि ठकूला कमरेत धरलं. मांडी घालून खाली बसली, पोराला छातीशी आवळलं, पाठ त्या दाराकडे केली. एक हात मोकळा ठेवून तिनं कपाटाच्या मागची वायर शोधली आणि ओढली. प्लग सुटून फरशीवर पडला. हिरवा दिवा विझला.

"ठकूताई," आवाज म्हणाला. तो आता कपाटावरून येत नव्हता.

मावशीनं मागं पाहायचं नाही असं ठरवलं. ठरवलेलं ती पाळायची. पण खिडकीची काच समोरच होती आणि काचेत मागचं दार दिसत होतं. त्या वीतभर फटीत, खाली, निळ्या अॅप्रनची किनार दिसली. वर काही दिसलं नाही, काळोखच होता. फक्त कमरेच्या उंचीवर एक हात होता, कामानं जाडसर झालेला, बोटांची पेरं सुजलेली. तो हात चौकटीच्या लाकडावर हळू पडत होता. थप. थप. मावशीनं आपल्या अंगावरच्या अॅप्रनकडे पाहिलं. मग आपल्या दोन्ही हातांकडे. दोन्ही ठकूभोवती होते.

ठकू चुळबुळायला लागली. तिनं मान मागं करून मावशीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पहिल्या दिवशी आईचा हात सुटल्यावर नवं पोर पाहतं ना, तसं.

"सोड ना, मावशी," ती म्हणाली. "मला आजी बोलावतेय."

मी आजी, एवढं मावशीला म्हणायचं होतं. पण तो आवाज आधीच कुणीतरी वापरत होतं. तिनं तोंड उघडलं असतं तर खोलीत एकसारखे दोन आवाज झाले असते, आणि पोरानं त्यांतला कुठला निवडला असता हे तिला ठाऊक होतं. तिनं दात आवळले. मिठी आवळली. ठकूनं लाथा मारल्या, मनगटाला चावा घेतला, रक्त आलं. मावशी हलली नाही, ओरडली नाही. मागं थोपटणं चालू होतं, न दमता, पोर झोपेपर्यंत थांबायचं ठरवलेल्या बाईसारखं.

साडेतीनला बेल वाजली. लाडोबाची आई असणार, ती वेळेची पक्की. पुन्हा वाजली. दाराला आतून कडी होती, आणि कडी काढायला मावशीला उठावं लागलं असतं, एक हात सोडावा लागला असता. ती बसून राहिली.

तेव्हा मागचं थोपटणं थांबलं. फरशीवर अनवाणी पावलं वाजली, ओळीतल्या गाद्यांमधून, कुणाचं पोर तुडवलं जाऊ नये अशी जपून टाकलेली. पुढच्या दाराची कडी निघाली.

"या," मावशीचा आवाज दारातून म्हणाला. "आजची झोप मस्त झाली सगळ्यांची."